उलट्या नावाची पट्टी

आमच्या पॅसेजमध्ये एक फळी भिंतीला टेकवून उभी आहे. सहा फूट लांब, दीड फूट रुंद, रेन ट्रीची. मधोमध चॉकलेटी गाभा, दोन्ही कडांना फिकट पिवळं लाकूड, आणि जिथे फांदी फुटत होती तिथे नदीनं वळण घ्यावं तशा वळलेल्या रेघा. घरी येणारा प्रत्येकजण तिच्यावरून हात फिरवतो. पण तिच्या रुंदीवर स्टीलची फूटपट्टी आडवी धरली की खाली मधोमध उजेड दिसतो. त्या फटीतून शिसपेन्सिल आरपार सरकते. रंधा मारून ती सपाट करायची तर बरंचसं लाकूड भुशात जाईल, आणि उरलेली फळी कुठल्याच कामाला जाड पुरणार नाही.

तरी मी ती टाकली नाही. तो खोलगटपणा आला कुठून हे शोधताना मला चेनसॉची, म्हणजे दातेरी चेननं लाकूड कापणाऱ्या मशीनची, पट्टी म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. पट्टी म्हणजे जिच्या कडेवरून चेन धावते तो लांब पोलादी पाट; दुकानात तिला गाईड बार म्हणतात. ठाण्यात झाडं उतरवणाऱ्या माणसांच्या तोंडी मात्र ती ‘पट्टी’, आणि मीही तोच शब्द वापरते. मशीन घेताना लोक चार दुकानं फिरतात, चेनची धार दर अर्ध्या तासाला बघतात. पट्टी मात्र मशीनसोबत येईल ती. ती झिजते हेच अनेकांना माहीत नसतं. मी लाकडात काम करायला लागून तेव्हा दहा वर्षं झाली होती, आणि मलाही माहीत नव्हतं.

ते लाकूड आलं १७ मे २०२१ ला. तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तो सोमवार. आमच्या नौपाड्यातल्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना रेन ट्री होता. हे झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, पण ठाण्याच्या रस्त्यांवर इतकं रुळलेलं की ते परकं वाटतच नाही. संध्याकाळ झाली किंवा आभाळ भरून आलं की त्याची पानं मिटतात. त्या दिवशी सकाळपासूनच ती मिटलेली होती. दुपारी मोठा आवाज झाला आणि झाड मुळासकट आडवं झालं. कोविडच्या निर्बंधांमुळे रस्ता रिकामा होता, म्हणून कोणाला काही झालं नाही.

रात्री महापालिकेची माणसं आली. भर पावसात, बॅटऱ्यांच्या उजेडात त्यांनी आधी फांद्या उतरवल्या, मग खोडाचे तुकडे पाडले. मी छत्री धरून खाली उभी होते. त्यांच्यातल्या एकाच्या मशीनकडे माझं लक्ष गेलं. पट्टीवर छापलेलं कंपनीचं नाव उलटं होतं, अक्षरांची डोकी खाली. मला वाटलं, घाईत चुकून बसवली असणार. चहा दिला तेव्हा मी म्हटलं, “दादा, तुमची पट्टी उलटी लागलीय.”

तो म्हणाला, “उलटी नाय ताई, पलटी मारलीय,” आणि पुन्हा कामाला लागला. मला त्याचा अर्थ कळला नाही आणि त्या गडबडीत मी विचारलाही नाही.

शहरात झाडाला हात लावायचा तर १९७५ चा झाडांच्या संरक्षण व जतनाचा अधिनियम आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, वृक्ष अधिकारी आहेत. पडलेल्या झाडाचं लाकूड न्यायचं तरी विचारूनच न्यावं असं मला वाटतं. सोसायटीचं पत्र, वृक्ष विभागात अर्ज, यात काही दिवस गेले. तोवर बुंध्याचे दोन ओंडके गटाराच्या कडेला पडून होते. मी रोज जाऊन बघत होते. कापलेल्या तोंडांना ऑइल पेंटचे दोन हात दिले, कारण ओलं लाकूड टोकाकडून लवकर सुकतं आणि तिथूनच तडकतं. मग हायड्रा क्रेन बोलावली, टेम्पो बोलावला आणि दोन्ही ओंडके बाळकुमला मैत्रिणीच्या भावाच्या शेडमध्ये नेले.

ओंडका वखारीत नेऊन का चिरला नाही, असं बरेचजण विचारतात. शहरातलं झाड म्हटलं की सॉ मिलवाले मान हलवतात. त्यांचं कारण खरं आहे, त्याबद्दल पुढे लिहिते. शिवाय एवढा बुंधा हलवण्याचाच खर्च मोठा. म्हणून मी चेनसॉला लावायची मिल घेतली होती. मिल म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची एक चौकट, ती पट्टीला दोन्ही टोकांशी आवळायची. ओंडक्यावर आधी एक सरळ शिडी किंवा फळी रुळासारखी ठोकायची, पाणसळ लावून ती लेव्हलमध्ये आणायची, आणि तिच्यावरून चौकट ढकलत न्यायची. पट्टी आडवी झोपून लाकडात शिरते आणि मागे फळी सुटत येते. पहिली फळी उचलून उलटी करताना, आतलं लाकूड पहिल्यांदा उजेड बघतं तेव्हा, दर वेळी माझ्या छातीत धडधडतं.

त्या वेळी तसंच झालं. रंग इतका सुंदर निघाला की मी तिथेच खाली बसले. मग फूटपट्टी लावली.

पहिला संशय अर्थात चेनवर. एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा लांब किंवा धारदार असले तर काप एका अंगाला ओढतो, हे मला माहीत होतं. सगळे दात कॅलिपरनं मोजले, एकसारखे केले. दुसरी फळी तशीच निघाली. मग कोरी चेन चढवली, चिराईसाठी धार दिलेली. नेहमीच्या चेनचे दात तीस अंशांच्या आसपास तिरके घासलेले असतात, चिराईच्या चेनचे दहा अंशांच्या आसपास, त्यामुळे फळी गुळगुळीत निघते. गुळगुळीत निघाली खरी. खोलगटपणा तसाच.

मी पट्टी काढून वर्तमानपत्रात गुंडाळली आणि घरी बाबांकडे घेऊन आले.

माझे वडील वागळे इस्टेटमध्ये व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, शेवटची वर्षं इन्स्पेक्शनला. त्या भागात आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, पण बाबा अजून चौकांची नावं तिथल्या जुन्या कारखान्यांवरून सांगतात. त्यांचा कारखाना बंद झाला तेव्हा त्यांनी घरी एकच वस्तू आणली, बारा इंच बाय बारा इंचाची बिडाची सरफेस प्लेट, सपाटपणा तपासायची अचूक सपाट लादी. ती पलंगाखाली ग्रीस लावून फडक्यात गुंडाळलेली असते. त्या दुपारी ती डायनिंग टेबलवर आली.

बाबांनी पट्टी हातात घेतली, डोळ्यासमोर धरली, बोटाची नखं कडेवरून हळूहळू ओढत नेली. मग म्हणाले, “बर आलीय. बघ, नख अडकतंय.” पट्टीच्या कडेला, जिथून चेन धावते, तिथे दोन पातळ भिंती असतात. रेल म्हणतात त्यांना. त्यांच्या मधल्या खाचेत चेनच्या खालच्या कड्या बसतात. चेन घासून घासून रेलचं लोखंड बाहेरच्या बाजूला पसरलं होतं, चपटं होऊन त्याची धारदार मिशी आली होती. ती कानशीनं पाच मिनिटांत निघते. पण बाबा तिथे थांबले नाहीत.

त्यांनी पट्टी सरफेस प्लेटवर कडेवर उभी केली आणि बाजूला काटकोन तपासायचा गुण्या लावला. पट्टी आणि गुण्या यांच्यामध्ये वर उजेड होता. तुकड्या तुकड्यानं सरकवत त्यांनी सगळी लांबी तपासली. टोकांशी पट्टी सरळ उभी राहत होती, मधे कलत होती. “डावी रेल खाली बसलीय. अर्धा मिलिमीटर तरी. आता तुझी चेन कितीही चांगली असू दे, ती ह्या उतारावरून तिरकीच धावणार.” मग फट मोजायची फीलर गेजची पानं काढली आणि खाच मोजली. माझ्या चेनची कडी दीड मिलिमीटर जाडीची. शेपटाकडे, म्हणजे मशीनकडच्या टोकाला, खाच १.६ निघाली. मधोमध १.९. एवढ्या ऐसपैस जागेत कडी सरळ उभी राहतच नाही, ती डुलते. मिलच्या चौकटीनं पट्टी दोन्ही टोकांना धरलेली, मग उरतो मधला भाग. चेन त्याला खाली ओढत राहते, पट्टी धनुष्यासारखी वाकते, आणि त्या धनुष्याचा आकार फळीवर उमटतो.

त्यांनी पट्टीचा एक भाग खिडकीकडे तिरका धरून दाखवला. रेलवर हाताच्या तळव्याएवढ्या लांबीचा निळसर पट्टा होता. मला तो तेलाचा डाग वाटला होता. “हा डाग नाही. हा टेम्पर कलर. पोलाद तापवलं की आधी पेंढ्यासारखा पिवळा येतो, दोनशेतीसच्या आसपास. निळा येतो तो तीनशेला. म्हणजे ही तीनशे डिग्रीपर्यंत गेली होती. हिचा कडकपणा तिथेच उतरला.”

मी ती पट्टी ‘सगळ्यांना हीच चालते’ एवढ्या भरवशावर घेतली होती, आणि झाड उतरवायच्या, फांद्या कापायच्या कामात ती खरंच चालते. तिथे पट्टी लाकडात काही सेकंद असते, बाहेर येते, वारा लागतो, तेल फिरतं. चिराईत ती पूर्ण रुंदीनं लाकडात गाडलेली, मिनिटामागून मिनिटं, मशीन पूर्ण ताकदीवर. वर प्रत्येक दात धाग्यांच्या टोकांवर चालून जात असतो, त्यामुळे भुसा पिठासारखा बारीक पडतो, तो खाचेत जाऊन बसतो आणि चेनसाठी असलेलं तेल पिऊन टाकतो. भर म्हणून पट्टी आडवी झोपलेली असते. शेपटाकडच्या छिद्रातून निघालेलं तेल नाकापर्यंत, म्हणजे पट्टीच्या पुढच्या टोकापर्यंत, पोचेपर्यंत फारसं उरत नाही. लांब पट्टीला म्हणूनच नाकाकडे वेगळी तेलाची बाटली लावतात, थेंब थेंब पडणारी. मी आता दोन फुटांपासून पुढे तिच्याशिवाय काम सुरूच करत नाही.

बाबांनी ती पट्टी कडेनं कापून आतून दाखवली. पोलादाचे तीन पत्रे, एकावर एक, ठिकठिकाणी स्पॉट वेल्डिंगनं जोडलेले. खाच म्हणजे मधला पत्रा बाहेरच्या दोघांपेक्षा थोडा आखूड, बस. अशी पट्टी हलकी असते, स्वस्त असते, बागेतल्या कामाला उत्तम. पण तिच्या रेल म्हणजे दोन सुटे पत्रे. तापल्या की फाकतात. नाकातलं छोटं स्प्रॉकेट, म्हणजे चेन वळवणारं दातेरी चाक, गेलं की बऱ्याचदा सगळी पट्टीच भंगारात. दुसरा प्रकार अखंड पोलादाचा. एकाच जाड पत्र्यातून कापलेली पट्टी, खाच मशीनवर कोरलेली, रेल इंडक्शननं तापवून कडक केलेल्या. नाक वेगळं, रिव्हेटनं जोडलेलं, झिजलं की रिव्हेट काढून नवं बसवता येतं. वाकली तर ऐरणीवर ठेवून जाणता माणूस ती सरळ करू शकतो. रेल फाकल्या तर पुन्हा जवळ आणता येतात. टिकाऊ पट्टी म्हणजे झिजत नाही अशी पट्टी, हा माझा समज त्या टेबलावर गेला. झिजते प्रत्येकच. कोणती पट्टी झिजल्यावर दुरुस्त होऊ देते, हे बघून घ्यायचं.

आणि कडक म्हणजे चांगली, हेही पूर्ण खरं नाही. कडकपणा फक्त कडेला हवा, काही मिलिमीटर खोल. अंग मात्र चिवट हवं, वाकून परत येणारं. सगळी पट्टी रेलइतकी कडक केली तर ओंडक्यात अडकून जरा पीळ बसला की तडकेल. म्हणून कानस मारतानाही हात राखून मारायचा. कडक थर संपेपर्यंत रेल घासली तर खाली मऊ पोलाद लागतं, आणि मग बर दर आठवड्याला येते.

चेनबद्दल लोक फार बोलतात. तिची एक सुंदर हकिकतही आहे. १९४६ च्या सुमारास अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं ओंडक्यात एक किड्याची अळी बघितली. ओल्या, सुक्या, कुठल्याही लाकडात ती धाग्यांच्या आडवीउभी सारख्याच सहज जात होती. तिचे जबडे तो भिंगातून बघत बसला आणि त्यावरून त्यानं चेनचा दात घडवला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कापणारा. १९४७ मध्ये तो विकायला आला, आणि आजच्या बहुतेक चेन त्याच वंशातल्या आहेत. बाळकुमच्या शेडमध्ये आंब्याच्या ओंडक्यातून तशी पांढरी अळी निघाली की मला कॉक्स आठवतो. पट्टीची अशी कुठलीच हकिकत माझ्या वाचनात आलेली नाही. ती नुसती धरून असते, चेनला जाऊ देते.

नवी पट्टी घ्यायला मी बाबांना घेऊन मशीद बंदरला, नागदेवी स्ट्रीटला गेले. जुनी पट्टी बरोबर होतीच, वर मशीनच्या बोल्टांचे आणि तेलाच्या छिद्राचे फोटो. पट्टीच्या शेपटावर सहसा चार गोष्टी कोरलेल्या असतात: लांबी, पिच, गेज आणि चेनच्या कड्यांची संख्या. पिच म्हणजे ओळीनं तीन रिव्हेटांमधलं अंतर भागिले दोन. गेज म्हणजे खाचेची रुंदी. हे आकडे मशीनच्या स्प्रॉकेटशी आणि चेनशी जुळले नाहीत तर पुढे बोलण्यातच अर्थ नाही. दुकानदारही एवढंच जुळवून देतो. बाबांनी मात्र काउंटरवर दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवल्या आणि तेलाचं छिद्र जुळतं का ते बघितलं. पहिल्या दोन पट्ट्यांत बोल्टाची खाच बसत होती, छिद्र अर्धं झाकलं जात होतं. ‘सगळ्या मशीनला बसते’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांमध्ये हा दोष मी नंतरही पाहिला. मशीन सुरू होतं, चेन फिरते, तेलाच्या टाकीतलं तेल मात्र कमीच होत नाही, आणि महिन्याभरात रेल निळी.

तिसरी पट्टी जुळली. अखंड, बदलता येणाऱ्या नाकाची, किंमत जुनीच्या अडीचपट. मला छत्तीस इंची हवी होती. बाबा म्हणाले, “मशीन किती सीसीचं?” माझं मशीन साठच्या थोडं वर. छत्तीस इंच चिराईसाठी नव्वदच्या घरातलं इंजिन लागतं. लहान इंजिनाला लांब पट्टी लावली तर चेन लाकडात कुथते, तापते, आणि तो ताप पुन्हा पट्टीच्याच वाट्याला येतो. मी चोवीस इंची घेतली. मिल आवळल्यावर त्यातले चार-पाच इंच जातात, म्हणजे हाती उरते दीड फुटाच्या थोडी पुढे रुंदी. मला तेवढी पुरते. बुंधा जास्त जाड असला तर आधी तो उभा दोन भागांत करते. मोठ्या पट्टीचा मोह मला अजूनही होतो, रुंद टेबलं बघितली की होतोच. पण बरोबर जुळलेल्या चोवीस इंची पट्टीनं मी जितकं सरळ लाकूड काढलंय, तितकं उसन्या छत्तीस इंचीनं एकदाही निघालं नाही.

कोरीवकामाची पट्टी ही मात्र वेगळीच जात. दोन्ही कामं एकाच पट्टीवर भागवायचा विचार करणाऱ्याला मी हात जोडून सांगेन की नको.

मी बरीच वर्षं रोहित कोरते आहे. आपले फ्लेमिंगो. ठाणे खाडीला २०१५ मध्ये त्यांचं अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये ती पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली, पण आम्ही ऐरोलीच्या पुलावरून त्यांना त्याच्याही आधीपासून बघत आलोय. त्यांची मान लाकडात काढणं फार अवघड. सरळ खोडातून काढली तर वळणावर धागे आडवे येतात आणि मान तिथेच मोडते. म्हणून मी फाटा शोधते, जिथे फांदीबरोबर धागेही वळलेले असतात. त्या वळणाच्या आतल्या बाजूला नेहमीच्या पट्टीचं रुंद नाक शिरतच नाही. शिवाय नाकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला टेकला की मशीन झटक्यानं उसळून अंगावर येतं. कोरणाऱ्याचं तर निम्मं काम नाकानंच चालतं.

कोरीवकामाच्या पट्टीचं नाक नाण्याएवढं असतं, आणि तिची नावंही नाण्यांवरून आहेत: डाइम आणि क्वार्टर, अमेरिकेतली दहा आणि पंचवीस सेंटांची नाणी. डाइम जेमतेम १८ मिलिमीटरचं, आपल्या रुपयाहून लहान. क्वार्टर २४ च्या आसपास. नाक इतकं बारीक असलं की एका वेळी फार थोडे दात लाकडाला लागतात, म्हणून उसळी कमी. संपत मात्र नाही. हेल्मेट, कानावरचे मफ आणि पायांचं संरक्षण मी कोरीवकामातही उतरवत नाही.

एवढ्या बारीक नाकात फिरतं स्प्रॉकेट बसवायला जागा नसते. चेन सरळ लोखंडावरून घसरत वळते. मी पहिली अशी पट्टी घरी आणली तेव्हा बाबांनी जुनी कानस घेऊन तिच्या नाकावर हलकेच ओढली. कानस घसरली. काचेवरून नख ओढावं तसा आवाज आला आणि नाकावर ओरखडाही उमटला नाही. बाबांचा चेहरा एकदम बदलला.

“अगं, हा स्टेलाइट आहे.”

त्यांच्या कारखान्यात वाफेच्या व्हॉल्व्हच्या सीटवर स्टेलाइटचा थर चढवायचे. कांडी वितळवून, थेंब थेंब, आणि मग घासायला ग्राइंडिंगशिवाय दुसरं काही चालायचं नाही. कोबाल्ट आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू, अमेरिकेतल्या एलवुड हेन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेला. तो चांदणीसारखा चमकतो म्हणून लॅटिनमधल्या ताऱ्याच्या शब्दावरून त्यांनी हे नाव ठेवलं. लाल होईपर्यंत तापला तरी त्याचा कडकपणा फारसा उतरत नाही, म्हणून तो वाफेच्या व्हॉल्व्हमध्येही चालतो आणि घसरत्या चेनच्या खालीही. बाबांनी पंचवीस वर्षं ज्या धातूबरोबर काढली, तो लेकीच्या हत्याराच्या टोकाला असा नाण्याएवढा भेटला. त्या संध्याकाळी ते मला हार्डफेसिंगच्या, म्हणजे असा कडक थर चढवायच्या, कांड्यांबद्दल, भट्टीतल्या माणसांबद्दल, रात्रपाळीच्या चहाबद्दल खूप वेळ सांगत होते. एरवी ते कारखान्याबद्दल बोलत नाहीत.

ही पट्टी घेताना एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. तिच्यावर चेन पाव इंच पिचची, म्हणजे मशीनवरचं स्प्रॉकेटही बदलायला हवं. मी त्यासाठी वेगळं लहान मशीन ठेवलंय. आधी सोळा इंची साध्या पट्टीनं ठोकळा आकारात आणते, मोठे तुकडे पाडते, आणि मग ही. चेन नेहमीपेक्षा किंचित सैल ठेवते, कारण कडक नाकावरून घसरताना ताण जास्त असला की दोघांचंही आयुष्य घटतं. आणि तिनं कधीच उचकटत नाही. काप अडकला की पट्टी पिळून तुकडा फोडायची सवय असते, त्यानंच खाच आवळली जाते. आता लाकडाची पाचर ठेवते.

सॉ मिलवाले शहरातलं झाड का घेत नाहीत ते सांगायचं राहिलं. खिळे. क्लासच्या पाट्या, दिवाळीच्या माळा, भाड्यानं खोली मिळेलचे फलक, साल वाढते आणि ते सगळं गिळून टाकते. माझ्या त्या रेन ट्रीच्या दुसऱ्या ओंडक्यात मला अकरा खिळे मिळाले. आता मी आधी धातूशोधक फिरवते, पण त्याहून भरवशाचा आहे रंग. लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड भेटलं की निळसर काळा डाग पडतो आणि धाग्यांच्या दिशेनं दूरवर पसरतो. फळीवर ती शाईसारखी रेघ दिसली की मी मशीन बंद करते आणि पुढचा हातभर भाग पटाशीनं उघडते. पहिला खिळा असाच सापडला, वाकलेला, डोक्याशी निळ्या प्लॅस्टिकच्या दोरीचा तुकडा अजून गुंडाळलेला. साल त्याच्यावर चार बोटं चढली होती. झाडानं तो किती वर्षं आत ठेवला असेल हे मी वर्तुळं मोजून बघायचा प्रयत्न केला. रेन ट्रीची वर्तुळं स्पष्ट नसतात, मला जमलं नाही.

खिळ्यानं चेनचे दात जातात, ते पुन्हा घासता येतात. पण झटक्यानं रेलचा तुकडा उडाला तर त्या जागी चेन दर फेरीला अडखळते. तसं झालं की पट्टी मी चिराईतून काढते.

पावसाळ्यात अजून एक शत्रू. खाडीची दमट हवा, आणि खाचेत अडकलेला ओला भुसा. चिंचेचा, बाभळीचा, आंब्याचा भुसा रात्रभर खाचेत राहिला तर सकाळी तिथे काळा गंज असतो. जूनपासून मी पट्टी रोज काढते, पातळ पात्यानं खाच खरवडते, तेलाचं छिद्र तारेनं मोकळं करते, नाकाच्या छिद्रात ग्रीसचा पंप मारते. आणि जळकं तेल वापरत नाही. ठाण्यात बहुतेक जण गॅरेजमधलं जळकं ऑइल पट्टीला घालतात, फुकट मिळतं म्हणून. त्यात इंजिनाच्या झिजलेल्या धातूचा चुरा असतो. तोच रेलवर फिरतो. कोरीवकामात तर ते लाकडात मुरतं आणि रोहिताच्या मानेवर करडा डाग कायमचा राहतो.

बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. रविवारी सकाळी गॅलरीत वर्तमानपत्र पसरतात, सरफेस प्लेट काढतात आणि माझ्या पट्ट्या मागतात. कानस सपाट धरून, एकाच दिशेनं, प्रत्येक रेलवर सारखेच हात मोजत. मग गुण्या लावतात आणि मला उजेड बघायला बोलावतात. गुण्याखाली उजेड नसला की ते काही बोलत नाहीत, नुसतं फडकं पुढे करतात.

त्या नव्या पट्टीवर पहिला ओंडका चिरून झाला तेव्हा त्यांनीच विचारलं होतं, “आता फिरवलीस का?” मी म्हटलं, काय फिरवायचं? लाकडावर दाब खालच्या रेलचा असतो, ती वरच्यापेक्षा लवकर झिजते. म्हणून दर मोठ्या कामानंतर पट्टी काढून वरची बाजू खाली करायची. दोन्ही कडा सारख्या झिजतात, पट्टी सरळ राहते. एवढंच. मी तिथे स्पॅनर घेऊन उभी होते आणि मला १७ मेची ती रात्र आठवली, छत्रीवरचा पाऊस, आणि चहाचा कप परत देणारा तो माणूस.

परवा कोलशेतहून फणसाचा ओंडका आला. पिवळाधमक, टोकाला अजून चीक सुटत होता. मशीन बाहेर काढलं, पट्टी पुसली. नाव सुलट होतं. मागचा आंब्याचा ओंडका उलट्या नावानं चिरला होता, त्यानंतर रविवारी बाबांनी ती पलटी केलेली. मी चेन ताणली, हातानं एक फेरी ओढून बघितली, आणि तेलाची बाटली नाकाकडे लावायला वाकले.